चाळिसावी लेव्हल आणि शंभरपानी वही

आमच्या टीमचे किस्से कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. राईस मिलच्या मागे कोंडा साचतो तसे ते साचले. एक उचलायला गेलं की त्याच्याखाली दुसरा निघतो. मी चारचौघांत फार बोलत नाही, त्यामुळे हे किस्से सांगायची पाळी नेहमी दुसऱ्यांवर येते, आणि सांगताना ते स्वतःच्या चुका गाळतात. म्हणून म्हटलं, लिहून ठेवावेत.

आधी माणसं सांगते. निखिलदादा माझा मावसभाऊ. वडशाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो. संकेत त्याचा मित्र, कुरखेड्याचा. पल्लवी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. तिचे बाबा तलावात मासोळ्या धरतात. आणि चौथी मी, अंकिता. घरचे अंकू म्हणतात.

आम्ही चौघं मोबाईलवर एक ऑनलाईन गेम खेळतो. त्यात प्रत्येकाचं एक पात्र असतं. ते लढतं, लोकांची कामं करतं आणि त्याची लेव्हल वाढत जाते. कोणतं काम आधी करायचं, कोणत्या रस्त्याने गेलं की लेव्हल भराभर वाढते, हे ज्यात लिहिलेलं असतं त्याला लेव्हलिंग गाईड म्हणतात. आमच्यात भांडण एकच. गाईड पाहून खेळणं, हे खेळणं आहे का?

एरवी हे भांडण कितीही दिवस चाललं असतं. पण पोळ्याच्या सुमारास गेममध्ये जाहीर झालं की दिवाळीच्या सुट्टीत काळा किल्ला उघडणार. आत चौघांचीच टीम जाऊ शकते, आणि प्रत्येकाची लेव्हल चाळीस पाहिजे. त्या दिवशी पल्लवी सव्वीसवर होती!

निखिलदादा टीमचा लीडर. त्याने दोन नियम सांगितले.

"चाळीस नाई झाली, तं टीममध्ये नाई. अन् गाईड पाहून झाली, तरी टीममध्ये नाई!"

पल्लवीच्या जागेसाठी त्याने वरोऱ्याचा एक चव्वेचाळीस लेव्हलचा मुलगा पाहूनही ठेवला होता.

* * *

संकेत सुरुवातीला निखिलदादाचा पक्का शिष्य होता. "आपल्या डोक्यानं खेळाचं" हे वाक्य दादा एकदा म्हणायचा, तर संकेत तीनदा.

एकदा संकेत दहा-अकरा दिवस आमच्यासोबत आलाच नाही. गेममध्ये असायचा, पण दिसायचा नाही. शेवटी दादाने ग्रुप कॉलवर विचारलं, "कुठी आहेस बे?"

"दलदलीत."

"अजून? काय करून राह्यला तिथी?"

"बेडूक मारून राह्यलो."

झालं होतं असं की त्या दलदलीतून बाहेर पडायला पूर्वेच्या काठावर एक होडीवाला आहे. त्याच्याशी बोललं की तो पलीकडे सोडतो. कोणत्याही गाईडमध्ये ही पहिली ओळ आहे. संकेतला होडीवाला दिसला होता. त्याने त्याच्यावर तलवारही चालवून पाहिली होती. तो मरत नाही म्हटल्यावर संकेत परत बेडकांकडे वळला. एका बेडकाला थोडेसेच गुण मिळतात. अकरा दिवसांत त्याने नऊची एकोणीस लेव्हल केली, ती फक्त बेडकांवर!

दादाने त्याला होडीवाल्याचं सांगितलं.

"मले वाटलं, गेमच बेडकाचा आहे," तो म्हणाला.

आम्हाला वाटलं, आता तरी दादा गाईडबद्दल काही वेगळं बोलेल. दादा म्हणाला, "पाहा! पण स्वतःच्या डोक्यानं केलं का नाई त्यानं?"

तेव्हापासून संकेतने मधला मार्ग काढला. तो गाईड वाचतो, पण काम झाल्यावर. "म्हंजे आपलं काय चुकलं ते समजते," असं त्याचं म्हणणं.

* * *

पल्लवीची अडचण डोक्याची नव्हतीच. अडचण फोनची होती.

त्यांच्या घरात एकच फोन, आणि तो बाबांसोबत तलावावर जातो, कारण मासोळ्या घेणारे त्यावर फोन करतात. शाळा सुटून पल्लवी घरी पोचते पाचला. संध्याकाळचं जाळं टाकायला जाण्याआधी बाबा खाटेवर अर्धा तास डुलकी काढतात. तो अर्धा तास पल्लवीचा. बाबा उठले की गेम बंद, मग पात्र कुठेही उभं असो!

एका संध्याकाळी आम्ही सगळे कॉलवर होतो आणि पल्लवी गेममधल्या जंगलात, एका घरापाशी होती. चुकून तिच्या फोनचा स्पीकर सुरू राहिला. निखिलदादाला खेळताना हळू बोलता येत नाही.

"पल्लवी, वाघ! मागं पाह्य, मागं! घराच्या मागं वाघ आला!"

बाबा खाटेवरून थेट उठून उभे राहिले. आमच्या भागात हे वाक्य ऐकल्यावर कुणी "कोणता वाघ?" असं विचारत बसत नाही. बाबा काठी घेऊन घरामागे गेले. त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला. पाच मिनिटांत पूर्ण गल्ली बाहेर आली आणि पत्र्याचे डबे वाजायला लागले. कुणीतरी शेळ्या घरात घेतल्या. एक म्हातारी बाई तर "मले शेपूट दिसलं" असंही म्हणाली!

फोनमधून आम्हाला फक्त डबे ऐकू येत होते.

"पल्लवी? काय झालं वं?" दादा विचारत होता.

मग पल्लवीचा आवाज आला, अगदी हळू.

"बाबा बाहेर गेले म्हणून दहा मिनिटं जास्त भेटले दादा. वाघ मेला. एकोणतीस झाली."

* * *

इंटरनेटवर गाईड आहे, पण ते इंग्रजीत आणि साठ पानांचं. पल्लवी अर्ध्या तासात दोन पानं वाचायची, तेवढ्यात बाबा उठायचे. म्हणजे वाचलं तर खेळणं नाही, खेळलं तर वाचणं नाही.

माझ्याकडे एक कोरी शंभरपानी वही होती. मी माझ्या पात्राला एकेका रस्त्याने परत चालवत नेलं आणि जे जे केलं ते मराठीत लिहीत गेले. कुठे वळायचं, कुणाशी बोलायचं, किती कोल्हे मारायचे, कुठे पळून जायचं. अक्षर नीट काढलं, कारण पल्लवीला ते पाहत पाहत खेळायचं होतं. तीन आठवडे लागले.

वही निखिलदादाला सापडायला तीन दिवससुद्धा लागले नाहीत. तो आमच्याकडे चहाला आला होता. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बोर्डाचा पेपर फोडला आहे.

"अंकू, तू पण?"

मला वाटलं, आता पल्लवीसोबत माझीही जागा गेली. दादाने बराच विचार केला. नियम त्यानेच केलेला, त्यामुळे तो नीट लावायची जबाबदारीही त्याचीच.

"तू लिवलं," तो शेवटी म्हणाला. "लिवणाऱ्यानं वाचलं असं होत नाई. तू टीममध्ये आहेस. जो कोणी वाचन, तो बाहेर!"

* * *

ही वही एकदा शाळेत पोचली. पल्लवीच्या दप्तरात मराठी निबंधाची वही आणि ही वही एकाच कव्हरची. घाईत तिने निबंधाच्या गठ्ठ्यात गेमची वही टाकली.

दोन दिवस आमचा जीव टांगणीला लागला होता. मराठीच्या बाई कडक आहेत. वह्या परत मिळाल्या तेव्हा पल्लवीने ती बाकाखाली धरून उघडली. बाईंनी पहिली चार पानं पूर्ण तपासली होती, लाल पेनाने.

पहिल्या पानावर लिहिलं होतं, "अक्षर सुंदर. वाक्ये लहान व स्पष्ट."

दुसऱ्या पानावर, "म्हातारीला औषध देण्याचा प्रसंग हृदयस्पर्शी."

तिसऱ्या पानावर, "एवढे कोल्हे मारण्याचे कारण स्पष्ट करावे."

आणि चौथ्या पानाखाली, "कल्पनाशक्ती चांगली आहे, पण विषय 'माझा आवडता ऋतू' हा होता." दहापैकी सहा!

पल्लवीने मला ते सहा गुण दाखवले. "तुये होय हे," ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. निबंधात तिला एरवी पाच पडतात.

* * *

वही आली तरी अर्ध्या तासात एक डोळा वहीवर आणि एक फोनवर ठेवणं जमेना. पल्लवी पान उलटायची, तेवढ्यात लांडगे चावून जायचे. तेव्हा तिचे वामनमामा पुढे आले.

वामनमामा झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर आहेत. आमच्याकडे हिवाळाभर गावोगावी नाटकं होतात. आज या गावात, उद्या त्या गावात, पाठांतराला वेळ कुणालाच नसतो. प्रॉम्प्टर स्टेजसमोर बसून पूर्ण नाटक एक ओळ पुढे वाचत असतो. पावसाळ्यात मात्र नाटकं बंद, आणि मामा बहिणीकडे धानाच्या कामाला आलेले.

त्यांनी चष्मा लावला, वही मांडीवर घेतली आणि सुरू केलं. आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही, फक्त पोचवायचा, ही त्यांची पद्धत.

"विहिरीपासून डावीकडे वळा... सावकाराशी बोला... त्याचे ऐकू नका... उजवीकडून तीन चोर येतात..."

पल्लवीने चूक केली की मामा पुढे जात नसत. तीच ओळ परत म्हणत, थोडी मोठ्याने. मी वहीत कंसात काही गोष्टी स्वतःसाठी लिहिल्या होत्या. मामांनी त्याही सोडल्या नाहीत. "पुलाखालून जा, कंसात, इथे मी दोनदा मेले, कंस पुरा..."

त्या दिवशी दादा कॉलवर होता. त्याला राहवलं नाही.

"मामा, हे चीटिंग होय! कोणीतरी सांगून राह्यलं, अन् ही फक्त करून राह्यली. ह्याच्यात तिचं काय आहे?"

मामांनी वहीत बोट ठेवलं, म्हणजे ओळ हरवू नये.

"बाबू, मी इतकी वर्सं प्रॉम्प्टिंग करून राह्यलो. टाळी हिरोले भेटते. आजपर्यंत कोणी म्हटलं नाई का ते टाळी मायी होय."

"पण हिरोनं मनावर घेतलं तं पाठ करू शकते ना?"

"करू शकते ना," मामा म्हणाले. "पण दिवसा त्याले धान कापाचं राह्यते."

आणि बोट उचलून त्यांनी पुढची ओळ वाचली.

* * *

दादाबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. तो दुसऱ्याला जे सांगतो तेच स्वतः करतो, निदान आमच्यासमोर तरी.

गेममध्ये एक देऊळ आहे. तिथे पाच समया आहेत. त्या बरोबर क्रमाने लावल्या की दार उघडतं. पल्लवीला तो क्रम माहीत होता, कारण ती वहीवरून तिथून कधीच पार झाली होती. मी वहीत लिहिला म्हणून मलाही माहीत होता. दादा दारासमोर अडकला.

"दादा, सांगू का?" पल्लवीने विचारलं.

"नाई!"

दादाने एका कागदावर सगळे क्रम लिहून काढले आणि एकेक करून पाहायला लागला. दार नाही उघडलं की तो क्रम खोडायचा. पहिल्या संध्याकाळी चाळीसेक खोडले. दुसऱ्या संध्याकाळी मावशीने जेवायला दोनदा हाक मारली, तरी तो उठला नाही. सत्त्याण्णवाव्या क्रमाला दार उघडलं. दादा एवढ्या जोरात ओरडला की आम्हाला फोनशिवाय, खिडकीतूनच ऐकू आलं!

"याले म्हणतात खेळणं!" तो कॉलवर म्हणाला. "काय मजा आली, सांगू शकत नाई!"

मजा खरंच आली असणार. त्याचा आवाज तसाच होता.

"किती वेळ लागला दादा?" पल्लवीने विचारलं.

"दोन्ही दिवसांचे धरून सात तास."

पल्लवीने थोडा हिशेब केला. ती टोमणा मारत नव्हती, नुसतं सांगत होती.

"म्हंजे माये चौदा दिवस."

त्या दिवशी कॉल लवकर बंद झाला.

* * *

किल्ला उघडायच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, पल्लवीची चाळीस झाली. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी. बाबा खाटेवर कूस बदलत होते.

ग्रुपवर तिने फक्त "४०" असं लिहिलं. संकेतने टाळ्या पाठवल्या. मीही पाठवल्या. दादाने लिहिलं, "गाईडवर झाली."

संकेत म्हणाला, मत घ्या. माझं मत पल्लवीच्या बाजूने होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. दादाचंही माहीत होतं. राहिला संकेत. आम्ही वाट पाहत होतो. त्याने दहा मिनिटांनी लिहिलं, "मी किल्ला झाल्यावर मत देईन. म्हंजे काय चुकलं ते समजन."

* * *

रविवारी दुपारी बारा वाजता किल्ला उघडणार होता. पल्लवीच्या बाबांनी त्या दिवशी फोन घरी ठेवला. कारण विचारलं नाही. खाटेवर फोन ठेवला आणि जाळं खांद्यावर टाकून गेले.

आम्ही चौघं कॉलवर आलो. किल्ल्याच्या फाटकापर्यंत लीडर कुणालाही काढून दुसऱ्याला घेऊ शकतो, असा गेमचा नियम आहे. दादाने ते आधीच स्पष्ट केलं.

"पल्लवी, पुलापर्यंत ये सोबत. पुलाच्या पलीकडं वरोऱ्याचा पोरगा उभा आहे. तिथी तुले काढून त्याले घेतो. नियम म्हंजे नियम. राग धरू नको."

"नाई धरत," पल्लवी म्हणाली. पण तिने फोन बंद केला नाही आणि तिचं पात्रही थांबलं नाही. आमच्या मागून चालत राहिलं.

हा पूल लाकडाचा आहे. त्याच्याआधी रस्त्याच्या कडेला एक मोठा दगड आहे. आणि इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, जी मी तोपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. वही लिहीत असताना मी या दगडापाशी पोचले, तेव्हा आईने स्वयंपाकघरातून हाक मारली होती, "अंकू, वीस मोज अन् कुकरचा गॅस बंद कर!" मी माझ्या पात्राला दगडाशेजारी बसवलं, वीस मोजले, गॅस बंद करून आले, पात्राला उठवलं आणि पूल ओलांडला. मग जे जे केलं ते नेहमीसारखं क्रमाने लिहून काढलं. "दगडाशेजारी बसा. वीस मोजा. उठा. मगच पुलावर चढा."

पूल कसाही ओलांडता येतो. तो करकरतो, पण पडत नाही. त्या गेममध्ये हजारो लोक त्या पुलावरून जातात, आणि दगडाशेजारी कुणीही बसत नाही. तसं बसायचं फक्त माझ्या वहीत लिहिलेलं आहे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा संकेत माझ्यासमोर धावत पूल ओलांडून गेला होता, आणि रोजच्या कामांचा रस्ता त्याच पुलावरून असल्यामुळे पल्लवी महिनाभर तिथे रोज बसत होती. तिच्या अर्ध्या तासातले वीस आकडे मी रोज वाया घालवले होते. मला सांगायची लाज वाटली.

तर आम्ही पुलापाशी आलो. संकेत सवयीप्रमाणे धावत पुलाच्या मध्यापर्यंत गेला. दादाचं पात्र त्याच्या मागे होतं. ते दगडापाशी थांबलं.

आणि खाली बसलं.

पुलावर संकेतचं पात्र मागे वळून उभं राहिलं. मी फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. दादाचं पात्र दगडाशेजारी मांडी घालून बसलं होतं. थोड्या वेळाने ते उठलं आणि पुलाकडे निघालं.

"दादा," पल्लवी म्हणाली, "बाराच मोजले. वीस मोजाचे राह्यते."

दादाचं पात्र थांबलं. मागे आलं. परत बसलं. पल्लवीचं पात्रही त्याच्या शेजारी येऊन बसलं.

पलीकडून वरोऱ्याच्या मुलाचा मेसेज आला, "अबे, काऊन थांबले? येऊ का?"

दादाने लिहिलं, "टीम फुल आहे भाऊ. सॉरी."

मग घसा साफ करून तो मोठ्याने म्हणाला, "तेरा."